भिवंडीत माणसे फार झाली आहेत का?



रविवारची मिस्सा आटोपून आपण चर्चच्या अंगणात चार शब्द बोलायला थांबतो, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर पडते: “फादर, भिवंडीत माणसं फार झाली हो!” अंजूरफाट्याला तासभर अडकलेला रिक्षावाला असो, नळाला पाणी न आलेली गृहिणी असो, की मुलाच्या प्रवेशासाठी शाळांचे उंबरे झिजवणारा बाप असो, सर्वांच्या तक्रारीचा शेवट या एकाच वाक्याने होतो. आम्हीही मान डोलावतो. खरे सांगायचे तर कल्याण नाक्याच्या कोंडीत स्कूटर रेटताना आम्हीही हेच पुटपुटलो आहोत.

परंतु एखादे वाक्य सर्वांच्या तोंडी आहे म्हणून ते खरे ठरत नाही. “फार झाली” असे आपण म्हणतो, तेव्हा कोण फार झाले असे आपल्या मनात असते? आपण स्वतः तर त्यात कधीच नसतो. म्हणून या अभ्यासलेखात आपण हे वाक्य थोडे तपासून पाहू या.

१. आकडे काय सांगतात?

१९६१ च्या जनगणनेत भिवंडीची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत होती. १९८१ साली ती सुमारे १ लाख १५ हजार झाली. १९९१ साली सुमारे ३ लाख ७९ हजार, २००१ साली जवळपास ६ लाख आणि २०११ साली ७ लाखांच्या वर. म्हणजे पन्नास वर्षांत शहर चौदा-पंधरा पटींनी वाढले. याच काळात आपला देश ४४ कोटींवरून १२१ कोटींवर गेला, म्हणजे तिपटीच्याही आत राहिला.

आता १९८१ ते १९९१ हे एकच दशक घ्या. दहा वर्षांत लोकसंख्या तिपटीहून अधिक! त्यात आजूबाजूची वस्ती शहरात गणली जाण्याचाही वाटा असणार. तरीसुद्धा एक गोष्ट साध्या गणितानेही कळते: घरोघरी पाळणे हलल्याने दहा वर्षांत शहर तिप्पट होत नाही. त्या दशकात देशाची वाढ शेकडा २४ च्या आसपास होती. भिवंडी वाढली ती मुख्यतः माणसे येथे आली म्हणून.

तेव्हा “अमक्या समाजाला मुले फार, म्हणून ही गर्दी” असे जे कुजबुजत बोलले जाते, ते आपण मनातून काढून टाकले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशात एका स्त्रीमागे सरासरी २ मुले होती आणि महाराष्ट्रात १.७. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला साधारण २.१ लागतात. मुस्लिम कुटुंबांत १९९२-९३ साली ही सरासरी ४.४ होती, ती २०१९-२१ पर्यंत २.४ वर आली. मुलगी शिकली, दवाखाना जवळ आला, जन्मलेले मूल जगू लागले की कुठल्याही धर्माच्या घरात मुलांची संख्या कमी होते. पाळण्याचा प्रश्न आपोआप सुटत चालला आहे. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे.

२. ही माणसे आली कुठून?

भिवंडी हे जुने गाव. खाडीकाठचे बंदर, भाताचा व्यापार, भोवती आगरी, कोळी, कुणबी आणि आदिवासी वस्ती. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतील विणकर कुटुंबे दक्षिणेकडे निघाली आणि त्यांतील काही मालेगावला, तर काही भिवंडीला स्थिरावली. त्यांच्याबरोबर हातमाग आला. १९३० च्या दशकात यंत्रमाग आला. मग १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या थंडावल्या, पण लोकांनी कपडे घालायचे थांबवले नाही. ते कापड पुष्कळसे भिवंडीच्या मागांवर विणले जाऊ लागले. गिरणगावातील एका कुटुंबाची चूल विझली आणि इकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये नवा माग सुरू झाला. आझमगड, मऊ, गोरखपूर, बिहार, तेलंगण येथून तरुण येत राहिले.

पुढे गोदामे आली. मुंबईत माल नेताना जकात भरावी लागे. भिवंडी जकात नाक्याच्या अलीकडे आणि मुंबई-आग्रा महामार्गाला लागून. म्हणून व्यापाऱ्यांनी काल्हेर, कशेळी, पूर्णा, दापोडे, माणकोली, राहनाळ, वळ या गावांच्या भातशेतीवर गोदामे उभी केली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. आज मुंबईतला एखादा माणूस फोनवर बोट फिरवून मिक्सर मागवतो, तेव्हा त्याचे खोके भिवंडीतील कोणीतरी तरुण रात्रपाळीत उचलत असतो.

तेव्हा भिवंडीत माणसे आपोआप “वाढली” असे म्हणणे अपुरे आहे. त्यांना बोलावले गेले. मुंबईला स्वस्त कापड हवे होते, मग मुंबईला जवळचे गोदाम हवे झाले. ज्याला आपण गर्दी म्हणतो, तिला आपल्याच गरजांनी निमंत्रण दिले आहे.

३. हात हवेत, माणूस नको

२०११ च्या जनगणनेतील एक आकडा आम्हाला बाकी सर्वांहून बोलका वाटतो. भिवंडी शहरात दर हजार पुरुषांमागे केवळ ७०९ स्त्रिया होत्या. संपूर्ण महाराष्ट्रात हे प्रमाण ९२९ होते.

बाकीच्या स्त्रिया कुठे आहेत? बहुतेक जणी गावी आहेत. भिवंडीत पुरुष आहे. त्याची बायको, आई, लेकरे दीड हजार किलोमीटर दूर आहेत. तो बारा तास माग चालवतो, मीटरवर मजुरी घेतो, भिस्सीत दोन वेळ जेवतो आणि एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर पाळीपाळीने झोपतो. दिवसपाळीवाला उठतो आणि त्याच जागेवर रात्रपाळीवाला आडवा होतो. शहराने त्याचे दोन हात बोलावले. त्याचे कुटुंब, त्याचे आजारपण, त्याचे म्हातारपण मात्र गावाकडेच ठेवून यायला सांगितले.

२०२० साली हे उघडे पडले. टाळेबंदीत माग थांबले, भिस्सी बंद झाली आणि हेच तरुण डोक्यावर बोचकी घेऊन मुंबई-आग्रा महामार्गाने कसारा घाटाच्या दिशेने चालू लागले. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सुटली. त्या दिवसांत रस्ते मोकळे झाले होते. ‘माणसे फार’ नव्हती. पण तेव्हा भिवंडी सुखी होती असे कोणी म्हणेल का? शहर मेल्यासारखे झाले होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटलचा एक विचार शिकवला गेला. नगर जन्माला येते ते जगण्याच्या गरजेपोटी. पण ते टिकून राहायचे ते चांगले जगण्यासाठी. मोठे नगर आणि दाटीचे नगर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याने बजावले आहे. पुढे कांटने सांगितले की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. तो स्वतःच साध्य आहे. परीक्षेपुरती पाठ केलेली ही वाक्ये भिवंडीत आल्यावर आम्हाला कळली. ज्या शहरात हात लागतात आणि माणूस अडचण होतो, ते शहर लोकसंख्येने कितीही फुगले तरी अजून नगर झालेले नाही.

४. जिलानी इमारतीची पहाट

२१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली. माणसे झोपेत होती. किमान ३८ जण दगावले, त्यांत लहान मुले पुष्कळ होती. इमारत तीस वर्षांहून जुनी होती. पुढे २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा येथे गोदाम असलेली इमारत पडली आणि ८ जण गेले.

अशा वेळी आपण सहज विचारतो, “धोका दिसत असताना माणसे राहतात कशाला?” आम्ही धोकादायक इमारतीत राहणाऱ्या काही कुटुंबांना हा प्रश्न विचारला. उत्तर एकच मिळाले: “फादर, एकदा बाहेर पडलो की ही खोली आमची होती हे कोण मानणार?” पागडी दिलेली, कागद अपुरा, नवे डिपॉझिट द्यायची ऐपत नाही. छत पडण्याची भीती आहे, पण रस्त्यावर येण्याची भीती तिच्याहून मोठी आहे. ही माणसे जास्त झाली म्हणून मेली नाहीत. शहरात त्यांच्यासाठी सुरक्षित जागा कोणी ठेवली नाही, म्हणून ती मेली.

अर्थात, भार खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. कामवारी नदीकडे पाहिले की डोळे मिटावेसे वाटतात. शहापूरच्या तानसा, भातसा धरणांतले पाणी मोठ्या नळांतून मुंबईकडे जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पृथ्वीला, पाण्याला मर्यादा आहेत. १७९८ साली माल्थस या इंग्रज धर्मोपदेशकाने धोक्याची घंटा वाजवली होती की माणसे अन्नापेक्षा वेगाने वाढतील. भारतात १९५०-५१ साली सुमारे ५ कोटी टन धान्य पिकत होते. २०२३-२४ साली ते ३३ कोटी टनांच्या आसपास गेले. लोकसंख्या चौपट झाली, धान्य सहापटीहून अधिक झाले. तरी भूक संपली नाही, कारण प्रश्न केवळ किती पिकते एवढाच नसून कोणाच्या ताटात जाते हाही आहे. घराचे आणि पाण्याचेही तसेच आहे.

५. पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभा

बायबलमध्ये ‘ही माणसे फार झाली’ असे म्हणणारा एक राजा आहे. निर्गमच्या पहिल्या अध्यायातील फारो. त्याला इस्राएली लोक विटा पाडायला हवे होते, पण त्यांची लेकरे नको होती. श्रम पाहिजेत, पाळणा नको! भिवंडीचा तो ७०९ चा आकडा वाचताना आम्हाला फारोच आठवतो.

दुसरी गोष्ट बेथलेहेमची. लूक सांगतो की शिरगणतीसाठी एक गरीब जोडपे दूरच्या गावाहून आले. सरकारच्या वहीत त्यांच्यासाठी जागा होती, उतारशाळेत मात्र नव्हती. आपला तारणारा अशा गर्दीच्या गावी, परक्या ठिकाणी, जागा न मिळालेल्या कुटुंबात जन्मला. त्या रात्री बेथलेहेमच्या लोकांनीही “गावात माणसे फार झाली” असेच म्हटले असेल.

माणसांच्या संख्येला शत्रू मानले की काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील कितीतरी गरिबांवर लादलेल्या होत्या. १९७६ साली आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. ख्रिस्तसभा जबाबदार पालकत्व शिकवते. किती मुलांना जन्म द्यावा हे पती-पत्नीने देवापुढे, विवेकाने आणि आपली परिस्थिती पाहून ठरवायचे आहे. सरकारने ते बळजबरीने ठरवू नये, तसेच सासूने किंवा शेजाऱ्यांनीही ठरवू नये.

१९७१ साली पोप सहावे पॉल यांनी आपल्या प्रेषितीय पत्रात शहरीकरणाचा मुद्दाम विचार केला. शहरात माणूस अनोळखी गर्दीत एकटा पडतो, तेव्हा गल्ली-मोहल्ल्यात पुन्हा शेजार उभा करणे हे ख्रिस्ती माणसाचे काम आहे, असा त्यांचा रोख होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात स्पष्ट केले की मूठभरांच्या बेसुमार उपभोगाकडे डोळेझाक करून सारा दोष लोकसंख्येवर ढकलणे म्हणजे खऱ्या प्रश्नाला बगल देणे होय.

६. आमच्या वहीतला दोष

हे सारे लिहिताना आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवत आहोत असे वाटू नये, म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी झारखंडचा एक तरुण ऑफिसमध्ये आला. गोदामात हमाली करणारा. गावी त्याचे लग्न ठरले होते आणि तिकडच्या फादरांना आमचे पत्र हवे होते की हा मुलगा अविवाहित आहे व चर्चला येतो. आम्ही धर्मग्रामाची वही उघडली. त्याचे नाव नव्हते. आम्ही म्हणालो, “तुझे नाव आमच्याकडे नाही, पत्र कसे देणार?” तो खाली मान घालून म्हणाला, “फादर, तीन साल से हर इतवार पीछे खड़ा रहता हूँ।”

तीन वर्षे! आम्ही त्याच्या हातावर ख्रिस्तशरीर ठेवले होते आणि त्याचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते. आमची वही कुटुंबांची आहे. कुटुंबप्रमुख, पत्नी, मुले, पत्ता, वर्गणी. ज्याचे कुटुंब येथे नाही, त्याच्यासाठी तिच्यात रकानाच नव्हता. म्हणजे शहराने जे केले, तेच आम्ही चर्चमध्ये केले होते. शेवटी चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशी आत आल्या आणि म्हणाल्या, “अहो फादर, हा तर आपला पोरगा! पावसात खुर्च्या उचलायला हाच तर येतो.” त्यांच्या शब्दावर चौकशी पुढे सरकली आणि पत्र गेले. ज्याला आम्ही मोजले नव्हते, त्याला मावशींनी ओळखले होते. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर एक दुसरी वही आहे, एकट्याने राहणाऱ्यांची.

ओळखीत किती बळ असते, हे भिवंडीला आपल्या इतिहासातूनही ठाऊक आहे. १९७० आणि १९८४ साली या शहराने भीषण दंगली पाहिल्या. १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या सुरू केल्या. वेगवेगळ्या धर्मांचे सामान्य रहिवासी पोलिसांसह नियमित एकत्र बसू लागले, एकमेकांना नावाने ओळखू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या चार वर्षांत भिवंडीची लोकसंख्या काही घटली नव्हती. गर्दी तेवढीच होती, पण तिच्यात शेजारी तयार झाले होते.

७. आपण काय करू शकतो?

(अ) जुन्या इमारतींकडे लक्ष द्या. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे कायद्याने आवश्यक आहे. ‘सी-१’ शेरा म्हणजे इमारत अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूने आपला ताबा व खोलीचे क्षेत्रफळ यांची पालिकेकडून लेखी नोंद करून घ्यावी. भाडेपावती, वीजबिल, रेशनकार्ड यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात. ज्यांना अर्ज लिहिता येत नाहीत, त्यांना आपल्यातील शिकलेल्यांनी लिहून द्यावेत.

(आ) आपल्यापैकी काही जण स्वतः खोल्या भाड्याने देतात. त्यांना आमची कळकळीची विनंती: भाड्याची पावती द्या. एका खोलीत किती जण कोंबायचे याला विवेकाची मर्यादा ठेवा.

(इ) गावचे रेशनकार्ड असले तरी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत येथील दुकानातूनही धान्य मिळू शकते. मूल सहा ते चौदा वर्षांचे असेल, तर शाळा सोडल्याच्या दाखल्याअभावी त्याला प्रवेश नाकारता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तसे स्पष्ट आहे. ही माहिती आपल्या शेजारच्या परप्रांतीय कुटुंबापर्यंत पोहोचवा.

(ई) २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. जून २०२५ मध्ये सरकारने १ मार्च २०२७ ही नव्या जनगणनेची संदर्भ तारीख ठरवली. आपल्या चाळीतला, लूमवरचा, गोदामातला एकही माणूस मोजणीतून सुटू नये. जो मोजला जात नाही, त्याच्या वाट्याचे पाणी, शाळा, दवाखाना कोणी आखत नाही.

(उ) आणि सर्वांत सोपे: येत्या रविवारी मागच्या बाकाजवळ उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाचे नाव विचारा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. भिवंडीत माणसे फार झाली आहेत का? आम्हाला वाटते, माणसे पुष्कळ आहेत हे खरे. पण घरे कमी आहेत, पाणी अपुरे आहे आणि शेजारी तर फारच कमी आहेत. घरे आणि पाणी देण्यासाठी सरकारकडे आग्रह धरावा लागेल, आणि तो आपण धरू. शेजारी होण्यासाठी मात्र कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.

लघुख्रिस्ती समूहाच्या बैठकीत चर्चेसाठी:
१. आपले कुटुंब भिवंडीत केव्हा, कुठून आणि कशासाठी आले? त्या वेळी आपल्याला पहिला आधार कोणी दिला?
२. आपल्या विभागात एकट्याने राहणारे कामगार किती आहेत? त्यांतील किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?
३. आपल्या विभागात धोकादायक इमारत आहे का? तेथील कुटुंबांसाठी पावसाळ्यापूर्वी आपण कोणते एक काम करू शकतो?

बेथलेहेममध्ये ज्याला जागा मिळाली नाही, तो प्रभू आपल्या घरांत व मनांत इतरांसाठी जागा निर्माण करो.

आपले धर्मगुरू